जुन्या टेबल सॉचं गाईड बदलताना: नव्याने शेडमध्ये आलेल्या पोरांसाठी

नागपुरात लकडगंजच्या टिंबर मार्केटमागची फर्निचरची दुकानं घ्या नाहीतर हिंगणा एमआयडीसीतल्या शेड, नवीन पोराला नवं मशीन कोणी देत नाही. त्याच्या वाट्याला येतं बिडाच्या टेबलाचं, दोन-तीन मालक बदललेलं टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं करवत मशीन. मोटर ठणठणीत, टेबल सपाट, शाफ्टलाही खेळ नाही. रडतं ते फक्त गाईड. गाईड म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पात्याकडे सरकवायचं तो पात्याला समांतर आडवा आधार. कॅटलॉगात त्याला रिप फेन्स म्हणतात, मिस्त्री मात्र एवढंच सांगतो, "गाईड सरकून राहिलं रे, पाहून घे." ते पाहून घ्यायचं कसं, त्याबद्दल हे लिखाण आहे.

आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेड १ वर्षाचा आणि फिटर २ वर्षांचा. हे काम दोघांच्या मधोमध पडतं, म्हणून बरेचदा कोणीच हात लावत नाही. कारपेंटरला पातं लाकडाशी कसं वागतं ते कळतं, पण आटे पाडायची सवय नसते. फिटरला ड्रिल-टॅप येतं, पण सागवानाची पट्टी चिरताना पात्यामागची चीर मिटते का हे त्याने पाहिलेलं नसतं. दोन्हीकडचं थोडं थोडं शिकलेल्या पोराला दुकानात लवकर विचारलं जातं, हा आमचा अनुभव.

आधी एक गैरसमज काढू. गाईड बदललं की माप बरोबर येईल, असं बहुतेकांना वाटतं. माप तर जुन्या गाईडवरही येतं, दोन टोकांना टेप लावून, ठोकून-ठोकून. नव्या गाईडकडून दोनच गोष्टी हव्यात. लॉक केल्यावर ते दर वेळी पात्याला समांतर उभं राहावं आणि लाकूड रेटलं तरी हलू नये. जुनी गाईडं पुढे आणि मागे दोन्हीकडे आवळली जातात. पुढचा भाग आधी बसतो, मागचा ओढला जातो आणि गाईड तिरपं होतं. मागचं टोक पात्याकडे झुकलं, की लाकूड पातं आणि गाईड यांच्यात चिमटलं जातं. मागचे दात टेबलातून वर येत असतात, ते लाकूड उचलून तुमच्या अंगावर फेकतात. २५४ मिमीचं पातं मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर असतो. हात मागे घेऊ म्हणायला तेवढा वेळ मिळत नाही.

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी टी-स्क्वेअर पद्धत चालते. तिला बीसमायर फेन्स असंही म्हणतात. गाईड फक्त पुढच्या रेलवर (टेबलाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या आडव्या लोखंडावर) आवळायचं, मागचं टोक नुसतं टेकलेलं. पुढचा आडवा तुकडा, म्हणजे गाईडचं डोकं, जितका लांब, तितका काटकोन पक्का.

पण गाईडला हात लावण्याआधी प्लग काढा आणि पातं तपासा. टेबलात मायटरची खाच असते, पुढून मागे जाणारी, पात्याला समांतर; सगळ्याचा आधार तीच. खाचेत घट्ट बसणाऱ्या पट्टीवर डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळी गेज) लावा, पात्याच्या एका दाताला खूण करा, तो दात पुढे असताना रीडिंग घ्या. मग पातं फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा घ्या. दात तोच हवा, नाहीतर तुम्ही पात्याचा वाकडेपणा मोजताय, समांतरपणा नव्हे. फरक ०.१ मिमीच्या आत असला तर पुढे चला. जास्त असेल तर टेबलाखालचे ट्रनियनचे (पात्याचा सांगाडा धरणाऱ्या आधारांचे) बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे. डायल नसेल तर खाचेतल्या पट्टीला स्क्रू लावून त्याचं टोक दाताला टेकवा आणि मागे फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांचं माप) घालून बघा. तिरप्या पात्यापुढे सरळ गाईड बसवलं, तर लाकूड जळणारच आणि नाव नव्या गाईडचं बदनाम होणार.

आता सामान. लोखंड इतवारीच्या लोहा ओळीत तुकड्यात मिळालं तर उत्तम, नाहीतर पूर्ण ६ मीटरची लांबी घ्यावी लागते. पुढच्या रेलला ७५×५०×६ अँगल, १५०० मिमी. त्याच्यावर बसणारा चौकोनी पाईप ८०×४०×३, तोही १५०० मिमी. गाईडचं अंग त्याच पाईपचं, टेबलाच्या खोलीपेक्षा १५० मिमी लांब, म्हणजे बहुधा ९०० मिमीच्या आसपास. आडव्या डोक्याला ५०×५०×६ अँगल, ३५० मिमी. मागच्या टेकूला ४०×४०×५ अँगल, १५०० मिमी. सगळं मिळून २८ किलोच्या घरात जातं. डोक्यासमोर क्लॅम्प बसवायची पट्टी, ८ मिमीचे बोल्ट, एक ढकलणारा टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की आवळून बसणारा), ३ मिमी नायलॉन किंवा एचडीपीई प्लास्टिकची पट्टी आणि चिकटणारी स्टीलची टेप वेगळी.

रेल १५०० मिमीच का? ८×४ फुटांची प्लाय मधोमध चिरायला ६१० मिमी लागतात. पात्याच्या उजवीकडे ६५० मिमी मिळाले की कपाटाचं सगळं काम निघतं. सव्वा मीटर क्षमतेचं गाईड फोटोत छान दिसतं, पण आपल्याकडच्या शेडमध्ये तेवढ्या जागेत एक माणूस आणि फेविकॉलचे डबे उभे असतात.

पाईप दुकानातच तपासून घ्या. डोळ्याशी धरून पाहा, मग दोन टोकांना दोरी ताणा. मीटरला १ मिमी पोट असलेला पाईप सर्रास मिळतो. सगळ्यात सरळ तुकडा गाईडच्या अंगाला ठेवा, थोडा पोटाळलेला रेलला चालतो, कारण बोल्टखाली पातळ पत्रा घालून रेल सरळ करता येते. ७५×५० चा अँगल नसेल तर ७५×७५ ची एक बाजू ग्राइंडरने कापा. गॅसने कापलात तर तो केळ्यासारखा वाकेल.

रेलची उंची हा सगळ्यात चुकणारा भाग. हिशेब वरून खाली करा. गाईडचं बूड टेबलापासून दीड मिमी वर हवं. त्याखाली डोक्याच्या अँगलची जाडी ६ मिमी, त्याखाली नायलॉन ३ मिमी. म्हणजे रेलच्या पाईपची वरची बाजू टेबलाच्या साडेसात मिमी खाली आली. पाईप आडवा, ४० मिमी उंच. म्हणून अँगलची आडवी ७५ ची बाजू टेबलाच्या साडेसत्तेचाळीस मिमी खाली बसते. ५० ची उभी बाजू वर येऊन टेबलाच्या साडेतीन मिमी खाली थांबते आणि तिथेच मायटरच्या खाचेचं तोंड झाकते. खाचेसमोर तेवढा तुकडा आधीच कापून काढा. रेल बसवून झाल्यावर हे लक्षात आलं तर सगळं खोलावं लागतं.

पाईप अँगलच्या उभ्या बाजूला चिकटवून बोल्ट करू नका. मध्ये २० मिमी फट सोडा, कारण डोक्याची उभी बाजू त्या फटीतून खाली उतरते. ती बाजू खालून थोडी कापून घ्या, पूर्ण ५० ठेवली तर रेलच्या अँगलवर १ मिमीने टेकते. फट कमी पडली की स्क्रू घासतात आणि गाईड एका जागी अडतं, दुसऱ्या जागी सैल पडतं.

टेबलाच्या कडेला जुन्या रेलची भोकं असतातच. ती वापरा, पण आटे तपासून. जुन्या मशीनला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंची मापाचे आटे सापडतात. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिमी, आपला मेट्रिक एम-८ बरोबर ८ मिमी. एम-८ दोन आटे आत जातो आणि अडकतो. पान्याने जोर लावला की बिडाचे आटे चुरा होऊन बाहेर येतात. अडलं तर थांबा, ५/१६ चाच बोल्ट आणा. नवीन भोक पाडायचं तर एम-८ साठी ६.८ मिमी ड्रिल, बीड कोरडंच पाडायचं, तेल घातलं की भुकटीचा चिखल होऊन ड्रिल अडतं. रेलमधली भोकं मात्र ११ मिमीची ठेवा, जाड वॉशर लावा. वर-खाली सरकवायला जागा लागते.

डोकं आणि गाईडचं अंग जोडताना बहुतेक पोरं वेल्डरकडे धावतात. वेल्ड थंड होताना आवळतं आणि ९०० मिमीच्या टोकाला २-३ मिमी ओढ सहज बसते. बोल्टने जोडा, चार बोल्ट, डोक्यात लांबट भोकं. वेल्डच करायचं असेल तर जाड पाटावर क्लॅम्प लावून चार टाके द्या आणि पूर्ण थंड होईपर्यंत क्लॅम्प काढू नका.

डोक्याच्या उभ्या बाजूत, ३०० मिमी अंतरावर, दोन एम-८ चे ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले. त्यांची टोकं नायलॉनवर टेकतात आणि नायलॉन रेलच्या मागच्या अंगावर. समोरून टॉगल क्लॅम्प पाईपला दाबतो. गाईडचा कोन ठरतो तो या दोन स्क्रूंनी, आणि इथे घाई नडते. एम-८ चा पिच, म्हणजे एका फेरीत पुढे जाण्याचं अंतर, १.२५ मिमी. एक स्क्रू पाव फेरी फिरवला तर तो ०.३१ मिमी पुढे येतो, पण गाईडचं मागचं टोक जवळजवळ १ मिमी सरकतं. पात्याच्या लांबीत तो फरक पाव मिमी होतो. आपल्याला ०.१ च्या आत खेळायचं आहे, म्हणजे एका वेळी फेरीचा दहावा भाग. ॲलन की ची लांब बाजू हातात धरली की तेवढं जमतं. गाईड उचला, फिरवा, ठेवा, लॉक करा, मोजा. लॉक न करता मोजलेलं धरायचं नाही.

मोजायचं पुन्हा मायटरच्या खाचेपासूनच. पुढे आणि मागे रीडिंग सारखं, किंवा मागे ०.०५ ते ०.१ मिमी उघडं, म्हणजे पात्यापासून लांब. कधीही मिटलेलं, म्हणजे पात्याकडे झुकलेलं नाही. काही जुने मिस्त्री "मागे अर्धा सूत सोड" म्हणतात. अर्धा सूत म्हणजे दीड मिमी. तेवढं सोडलं तर लाकूड गाईडपासून सुटतं, काप लहरतो आणि सनमायकाची कड फुटते. मिस्त्रींशी वाद घालत बसू नका, दोन पट्ट्या कापून समोर ठेवा.

मग गुण्या लावून गाईड टेबलाला काटकोनात आहे का पाहा. नसेल तर डोक्याखालच्या नायलॉनला एका बाजूने पातळ पत्रा. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, कामाला येतो.

गाईडला दोन्ही बाजूंनी १८ मिमी प्लायचे फळे लावा, वर सनमायका, बोल्टची डोकी आत बुडवून. इथे नागपूरच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. जुलैत तीच शेड ओलीचिंब. नुसती प्लाय किंवा एमडीएफ फुगते आणि टेपचा शून्य सरकतो. कडांनाही सीलर मारा. टेबलावर पावसाळ्यात मेण घासत राहा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. टेप स्टीलचीच घ्या, स्टीलच्या पाईपवर ती पाईपाबरोबर वाढते. ३० अंशांच्या फरकाला मीटरभर ॲल्युमिनियम ०.७ मिमी वाढतं, स्टील त्याच्या निम्मं.

टेप सगळ्यात शेवटी चिकटवा. अंदाजे लावा, एक पट्टी कापा, व्हर्निअरने मोजा आणि काटा त्या आकड्यावर आणा. पातं बदललं आणि त्याची चीर ०.४ मिमीने रुंद असली, तर माप ०.२ ने चुकेल. काटा पुन्हा जुळवायचा.

परीक्षा म्हणून १८ मिमी प्लायची ९०० लांब, ५० रुंद पट्टी काढा. दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. फरक ०.२ च्या आत असेल तर गाईड पास. मध्ये वेगळं आलं तर पाईप पोटाळलेला आहे किंवा फळा नीट बसलेला नाही. जळाल्याचे डाग कुठे आहेत तेही पाहा. गाईडकडच्या तुकड्यावर काळं पडलं तर मागचं टोक मिटतंय. बाहेर पडणाऱ्या तुकड्यावर असेल तर गाईड जास्त उघडलंय किंवा लाकूडच मिटतंय.

लाकूड मिटणं हा वेगळाच मामला. बल्लारशाहचं सागवान चांगलं, पण चांगल्या लाकडातही आतला ताण असतो. चिरताना पट्टी गाईडकडे वळली की सरळ गाईडही तिला वाचवू शकत नाही. सॉलिड लाकडासाठी गाईडवर आखूड फळा लावायचा, जो पात्याच्या मध्यावरच संपतो. त्यापुढे लाकडाला वळायला मोकळी जागा मिळते. प्लायला मात्र पूर्ण लांबीचं गाईड हवं. आखूड फळा लावा की न लावा, पात्यामागे रायव्हिंग नाईफ, म्हणजे चीर मिटू न देणारा उभा पत्रा, हवाच. जुन्या मशीनला तो नसतो किंवा कोणीतरी काढून कोपऱ्यात टाकलेला असतो. त्याची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि चिरेपेक्षा कमी. २.२ चा पत्रा, ३ ची चीर, तर २.५ मिमी. दातांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर. तो बसवल्याशिवाय मशीन पुन्हा चालू करू नका, गाईड कितीही देखणं झालेलं असो.

काम झाल्यावर पहिल्या आठवड्याने बोल्ट पुन्हा आवळा, नायलॉन दबतं. त्यानंतर दर महिन्याला आणि दर वेळी मशीन सरकवल्यावर खाचेपासूनचं अंतर मोजा. आकडे मशीनच्या दाराच्या आत मार्करने लिहून ठेवा, तारखेसह, म्हणजे पाळी बदलली तरी पुढच्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.