ॲप सब-पाथवर डिप्लॉय करताय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातल्या लहान उद्योगांत चित्र बहुधा सारखंच असतं: एक सर्व्हर, एक डोमेन, एक एसएसएल सर्टिफिकेट आणि त्याच पत्त्याखाली, वेगवेगळ्या सब-पाथवर (डोमेननंतरच्या उपपत्त्यावर), तीन-चार ॲप्स. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचं उदाहरण घ्या. '/साठा/' वर कच्च्या मालाची नोंद, '/हजेरी/' वर कामगारांची हजेरी, '/बिल/' वर बिलं. पण ॲप लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ते थेट '/' वर चालत असतं. मग डिप्लॉय केल्यावर पहिलं पान उघडतं, पण सीएसएस, म्हणजे पानाची सजावट, येत नाही. लॉगिनचं बटण दाबलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. एखादी लिंक तर भलत्याच ॲपमध्ये नेऊन सोडते. या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकींचं मूळ एकच असतं.

ते मूळ आधी समजून घ्या. सीजीआय या वेब सर्व्हर आणि प्रोग्राम जोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या काळापासून विनंतीच्या पाथचे दोन भाग मानले जातात, स्क्रिप्ट नेम आणि पाथ इन्फो. पायथनमधल्या डब्ल्यूएसजीआय या सर्व्हर-ॲप जोडणीच्या मानकानं, म्हणजे २०१० च्या पेप ३३३३ या दस्तऐवजानं, तीच विभागणी पुढे चालू ठेवली. '/साठा/माल/१२' या पत्त्यात '/साठा' हे स्क्रिप्ट नेम आणि '/माल/१२' हा पाथ इन्फो. कोणतं पान दाखवायचं ते फ्रेमवर्क (ॲप ज्यावर उभं असतं तो तयार सांगाडा) पाथ इन्फो बघून ठरवतं. लिंक तयार करताना मात्र पुढे स्क्रिप्ट नेम जोडतं. म्हणजे कामं दोन: येताना प्रिफिक्स, म्हणजे पुढचा '/साठा' हा भाग, कापायचा, जाताना जोडायचा. दोन्ही कामं एकदाच व्हायला हवीत, आणि ती कोण करतंय हे तुम्हाला नेमकं माहीत हवं.

एंजिनएक्समधला एक स्लॅश

एंजिनएक्स हा पुढे उभा राहून विनंत्या ॲपकडे पाठवणारा वेब सर्व्हर, आणि सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. त्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सांगतं की नियम कोणत्या पत्त्यांना लागू, आणि प्रॉक्सी पास सांगतो की विनंती कुठं पाठवायची. लोकेशन '/साठा/' असेल आणि प्रॉक्सी पासच्या पत्त्याच्या शेवटी, पोर्ट क्रमांकानंतर, स्लॅश असेल, तर एंजिनएक्स प्रिफिक्स कापून ॲपला '/माल/१२' पाठवतो. तो स्लॅश नसेल तर '/साठा/माल/१२' जसंच्या तसं जातं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त ॲपची अपेक्षा त्याच्याशी जुळली पाहिजे. खरा गोंधळ होतो तो लोकेशन स्लॅशशिवाय '/साठा' लिहून पासला स्लॅश दिल्यावर. मग ॲपकडे '//माल/१२' असा दुहेरी स्लॅश येतो. शिवाय असं लोकेशन '/साठाजुना' लाही लागू होतं, आणि हे कुणाच्या पटकन ध्यानात येत नाही. लोकेशनला शेवटचा स्लॅश नेहमी द्या. मग कुणी नुसतं '/साठा' टाइप केलं तरी एंजिनएक्स स्वतःच ३०१ ('पत्ता बदललाय' असं उत्तर) देऊन '/साठा/' वर नेतो.

दोघांनी कापणं, कुणीच न कापणं

एंजिनएक्समागे पायथन ॲप चालवणाऱ्या गुनिकॉर्न या सर्व्हरला स्क्रिप्ट नेम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देता येतं, आणि ते दिलं की प्रिफिक्स तोच कापतो. एंजिनएक्सनं आधीच कापलेला असेल तर गुनिकॉर्नला कापायला काही उरत नाही आणि एरर येते. उलट बाजूनं, जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये फोर्स स्क्रिप्ट नेम ही सेटिंग भरली म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. डब्ल्यूएसजीआयवर ती सेटिंग फक्त जोडण्याचं काम करते. येणारा प्रिफिक्स कुणीच कापला नाही तर ४०४ ठरलेला.

माझी पसंती अशी: एंजिनएक्सला कापू देऊ नका, गुनिकॉर्नला कापू द्या, आणि फोर्स स्क्रिप्ट नेममध्येही तीच किंमत शेवटच्या स्लॅशशिवाय लिहा. दोन ठिकाणी का? क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या मॅनेजमेंट कमांडसमोर वेब विनंतीच नसते, त्यामुळे गुनिकॉर्नचा प्रिफिक्स तिला कळत नाही. पतसंस्थेच्या सभासदाला हप्त्याची आठवण करून देणारा ईमेल जातो आणि त्यातली लिंक प्रिफिक्सविना असते. ऑफिसात कुणाला ते दिसत नाही, त्रास होतो सभासदाला.

प्रिफिक्स कोडमध्ये हातानं लिहिणं

प्रत्येक रूटच्या (कोणत्या पत्त्याला कोणतं पान हे सांगणाऱ्या नियमाच्या) आधी 'साठा/' लिहून टाकला की प्रश्न सुटला असं वाटतं. आपल्या सीमाभागात हा उपाय लवकरच उलटतो, कारण इथलं ॲप मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं तीन भाषांत लागतं. जँगोत भाषेचा कोड पत्त्यात आणायला आय१८एन पॅटर्न्स वापरतात, आणि ते फक्त मूळ यूआरएल फाइलमध्येच चालतात. सगळे रूट 'साठा/' खाली इन्क्लूड केले आणि आत भाषेचे पॅटर्न ठेवले, की जँगो इम्प्रॉपरली कॉन्फिगर्ड म्हणून थांबतो. मूळ फाइलमध्येच ठेवले तर भाषा प्रिफिक्सच्या आधी येते, '/केएन/साठा/' अशी (केएन हा कन्नडचा कोड, एमआर मराठीचा), आणि एंजिनएक्सचं '/साठा/' लोकेशन त्याला ओळखतच नाही. स्क्रिप्ट नेम नीट पोचलं असेल तर जँगो भाषा आपोआप योग्य जागी घालतो: '/साठा/केएन/', '/साठा/एमआर/'. त्यासाठी कोडमध्ये काहीच बदलावं लागत नाही.

टेम्प्लेटमध्येही हाच नियम. लिंकची सुरुवात हातानं '/' नं केली की ब्राउझर थेट डोमेनच्या मुळाशी जातो. त्याऐवजी रूटच्या नावावरून पत्ता बनवणारे रिव्हर्स किंवा यूआरएल टॅग वापरा. लॉगिन यूआरएलच्या सेटिंगमध्ये पाथऐवजी रूटचं नाव द्या. स्टॅटिक यूआरएल (सीएसएससारख्या फायलींचा पत्ता) पुढच्या स्लॅशशिवाय 'स्टॅटिक/' असं लिहिलं तर जँगो ३.१ पासून त्यालाही प्रिफिक्स आपोआप जोडला जातो. जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे माहिती मागणाऱ्या फेच कॉलकडे मात्र फ्रेमवर्कचं लक्ष नसतं. मूळ पत्ता टेम्प्लेटमधून त्याच्याकडे पोचवावा लागतो. जावास्क्रिप्टच्या फायली बिल्ड करणाऱ्या 'वीट' (Vite) सारख्या साधनात बेस, म्हणजे हा मूळ पत्ता, बिल्डच्या वेळीच ठरतो, म्हणून सर्व्हरवर सेटिंग बदलून उपयोग नाही, पुन्हा बिल्ड करा.

इतर फ्रेमवर्क, थोडक्यात

फ्लास्क या दुसऱ्या पायथन फ्रेमवर्कमधली ॲप्लिकेशन रूट ही सेटिंग नावावरून फसवते. ती ॲप त्या पाथवर बसवत नाही. विनंतीबाहेर लिंक बनवताना आणि सेशन कुकीचा (ब्राउझरमध्ये लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचा) पाथ ठरवताना तेवढी वापरली जाते. एंजिनएक्सनं प्रिफिक्स कापून एक्स-फॉरवर्डेड-प्रिफिक्स हेडर पाठवायचा आणि ॲपला प्रॉक्सीफिक्स, म्हणजे तो हेडर वाचणारा थर, लावून त्यात एक्स प्रिफिक्सची किंमत १ ठेवायची, ही सरळ वाट. ॲप थेट इंटरनेटवर उघडं असेल तर प्रॉक्सीफिक्स लावू नका, तो हेडर कुणीही पाठवू शकतो.

फास्टएपीआय या फ्रेमवर्कमध्ये डॉक्सचं पान उघडलं पण एपीआयची व्याख्या लोड झाली नाही, तर रूट पाथ (प्रिफिक्स सांगणारी सेटिंग) द्यायचा राहिलाय असं समजा. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या युव्हिकॉर्न (फास्टएपीआय चालवणारा सर्व्हर) ०.२६ पासून रूट पाथची वागणूक बदलली आहे, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतला सल्ला तपासूनच घ्या.

कुकी

साठ्याच्या ॲपमध्ये लॉगिन केलं की हजेरीतून बाहेर फेकलं जातं, ही तक्रार तुम्ही नक्की ऐकाल. दोन्ही जँगो ॲप्सची सेशन कुकी एकाच नावाची आणि दोघींचा पाथ '/'. एकीवर दुसरी लिहिली जाते. नाव वेगळं करा आणि पाथही '/साठा/' असा करा. नुसता पाथ बदलला तर '/' ची जुनी कुकी ब्राउझरमध्ये राहते आणि दोन्ही एकदम जातात, म्हणून नाव बदलणं महत्त्वाचं. भाषेची कुकी मात्र सामाईक राहू द्या. स्टोअरकीपरनं एका ॲपमध्ये कन्नड निवडलं तर दुसरंही कन्नडमध्ये उघडावं, यात त्याची सोयच आहे.

कुकीचा पाथ ही सुरक्षेची भिंत नव्हे. एकाच डोमेनवरच्या एका ॲपमध्ये घुसलेली स्क्रिप्ट दुसऱ्याची पानं मागवून वाचू शकते. म्हणून पतसंस्थेच्या खात्यांचं ॲप सब-पाथवर ठेवू नका, असंच मी सांगेन. त्याला वेगळं सबडोमेन घ्या.

बिघाड शोधताना

ब्राउझरवर विसंबू नका, तो ३०१ लक्षात ठेवतो आणि दुरुस्तीनंतरही जुनंच दाखवतो. कर्ल या कमांडनं उत्तराचे हेडर बघा आणि पुढचा पत्ता सांगणाऱ्या लोकेशन हेडरमध्ये प्रिफिक्स किती वेळा आलाय ते मोजा. एकदाही नसेल तर जोडणारा कुणी नाही. दोनदा असेल तर ॲपही जोडतंय आणि प्रॉक्सीही. मग ॲपमध्ये एक तात्पुरतं पान करून त्यावर स्क्रिप्ट नेम आणि पाथ इन्फो छापा. स्क्रिप्ट नेम रिकामं आणि पाथ इन्फोत 'साठा' दिसला तर कापणाराच नाही. दोन्हींत 'साठा' दिसला तर जोडणारा आहे, कापणारा नाही. दोन्हींत कुठंच नसेल तर एंजिनएक्सनं कापलाय, पण ॲपला सांगितलेलं नाही. पान काम झाल्यावर काढून टाका, आणि लॅपटॉपवरही ॲप यापुढे '/साठा/' खालीच चालवा.