बानाखत (फ्लॅट विक्रीचा करार) करण्याआधी विजेचा बोर्ड उघडून बघा

जुना फ्लॅट बघायला गेलं की आपण बडोदेकर काय काय विचारतो! पाणी किती वाजता येतं, बाल्कनी कुठल्या दिशेला, शेजारी कोण. वायरिंगचं विचारलं तर मालक बटण दाबतो, दिवा लागतो आणि विषय संपतो. कारेलीबागेतला फ्लॅट घेताना मीही तिथेच थांबलो. पहिल्याच उन्हाळ्यात एसीचा प्लग काढायला गेलो, तर तो सॉकेटमधून निघेना. आतलं प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. त्यानंतर मुलीसाठी आणि भाच्यासाठी मिळून सात-आठ फ्लॅट पाहिले, ते पिशवी घेऊनच.

पिशवीत टेस्टर, दोन स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, एक धारदार ब्लेड आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी नको, तो जराशा करंटवरही पेटतो आणि फसवतो. सोबत वायरमन हवाच, पण दलालाने सुचवलेला नको. बोर्ड उघडणार आहोत हे मालकाला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवायचं. नाही म्हणाला तर मी तो फ्लॅट सोडून देतो. एक फेरी दिवसा मारा, दुसरी मे महिन्यात रात्री नऊनंतर, बिल्डिंगमधले सगळे एसी चालू असताना.

सुरुवात वरून नाही, खाली मीटरपासून करायची. आपल्याकडे विश्वामित्री नदी पार्किंगमध्ये येते. २०१९ आणि २०२४ च्या पुरात ज्यांचे मीटर तळमजल्यावर होते, त्यांना विचारा. भिंतीवर गाळाची रेघ दिसते का बघा. रंग नवा असेल तर वॉचमनला विचारा, तो हाताने उंची दाखवतो. मीटर त्या रेघेच्या खाली असतील, तर पुरानंतर सोसायटीने केबल बदलली का, की नुसती वाळवून परत जोडली, हे चेअरमनकडून काढून घ्या. मीटरच्या स्क्रूंवर हिरवट गंज चढलेला असेल तर पाणी आत गेलेलं होतं.

मग घरातला मेन. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर एक बाहेर ओढून बघा (मेन बंद करून, अर्थात). फ्यूजवायरच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर मागचं वायरिंग कित्येकदा तापून गेलंय असं समजा. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) दिसल्या म्हणूनही हुरळू नका. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी लावलेली मी दोनदा पाहिली. वारंवार पडते म्हणून मोठी बसवली, असं मालकाने अभिमानाने सांगितलं. पडणं हेच तिचं काम. वायर तापेल, एमसीबी पडणार नाही.

आता बोर्ड. स्वयंपाकघरातला आणि एसीचा, हे दोन तरी उघडाच. पूर्वीच्या कितीतरी बिल्डिंगांत ॲल्युमिनियमची वायर आहे. ॲल्युमिनियम नरम. स्क्रूखाली दबत जातं, वर ऑक्साइडचा थर धरतं, जोड सैल होतो आणि तिथेच तापतो. ते तांब्याला नुसतं पिळून जोडलेलं असेल तर आणखी वाईट. पण रुपेरी दिसली म्हणून लगेच ॲल्युमिनियम म्हणू नका, कारण जुन्या रबरी वायरींत तांब्यावर कथिलाचा मुलामा असायचा. ब्लेडने हळूच खरवडा. आत लालसर निघालं तर तांबं. आमच्या वायरमनने मेन बंद करून असंच खरवडलं, वायरचं आवरण बोटात धरलं आणि त्याचा चुरा झाला. म्हणाला, ‘साहेब, आ वायर तो दादाना वखतनो छे.’ म्हणजे आजोबांच्या काळातली. आवरण बोटाने मोडतंय म्हटल्यावर तांबं असूनही उपयोग नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक अर्थिंगमध्ये. तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. वायरमन तो १०० वॅटचा बल्ब आधी फेज-न्यूट्रलमध्ये लावेल, मग फेज आणि अर्थमध्ये. दोन्हीकडे सारखा उजेड हवा. हे काम त्यालाच करू द्या, कारण अर्थिंग कच्चं असेल तर तेवढा वेळ फ्रिज-गीझरच्या पत्र्यावर करंट येऊ शकतो. आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत ती पडेल. पडूच दे, ते चांगलंच. तिचं टेस्टचं बटणही दाबून बघा, पण बटण चाललं म्हणजे अर्थिंग सिद्ध झालं असं नव्हे. आणि बल्ब झकास पेटला तरी सॉकेट उघडा. काही महाभाग अर्थच्या स्क्रूतून वीतभर वायर काढून न्यूट्रलला जोडतात. चाचणी पास! पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिजचं दार धरणाऱ्याच्या हातात फेज. खाली अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही विचारा. बडोद्याच्या उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत पडतो, त्यात कुणी पाणी घालतं का?

मेगर (वायरच्या आवरणातून करंट झिरपतो का हे मोजणारं यंत्र) लावून घ्या. घरातली सगळी उपकरणं आणि दिवे काढून, मेन बंद करून, ५०० व्होल्टवर प्रत्येक सर्किट तपासायचं. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर वायर गेली. मे महिन्यात कोरड्या भिंती चांगला आकडा देतात, म्हणून बाथरूमलगतच्या ओल आलेल्या भिंतीचं सर्किट जमलं तर पावसाळ्यात मोजा.

वायर बदलायचीच ठरली, तर पाइपातून एक जुनी वायर ओढून बघायला सांगा. सरकली तर नवी तिच्यामागे बांधून खेचता येते. अडकली तर भिंती फोडाव्या लागतील, आणि खर्चाचा सगळा फरक तिथे आहे. हा आकडा वायरमनकडून लिहून घ्या आणि बानाखतापूर्वी भाव करताना काढा, नंतर कुणी ऐकत नाही.

बिलही मागा. त्यावर मंजूर लोड असतो. दीड टनाचा एसी दीड-पावणेदोन किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन दोन. जुन्या कनेक्शनचा लोड एक-दोन किलोवॅट असेल तर वाढवून घ्यावा लागेल. (ऑफिस एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचं, पण २००५ पासून आजतागायत सगळे त्याला जुन्या वीज मंडळाच्या नावाने जीईबीच म्हणतात.) आधीच्या मालकाची थकबाकी नाही ना, हेही तिथेच विचारा. १९ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की नियमांत तरतूद असेल तर जुनी बाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते. शेवटचं बिल भरल्याची पावती आणि नाव बदलण्यासाठी मालकाची सही, दोन्ही खरेदीच्या दस्तऐवजाच्या दिवशीच घ्या. आमच्या भाच्याच्या फ्लॅटच्या आधीच्या मालकाला ती सही द्यायला अकरा महिने लागले. तोवर बिल त्यांच्या नावाने यायचं आणि ते फोन करून विचारायचे, ‘एवढं कसं आलं हो?’