गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर : आधी मनात, मग पायात

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो, तो केवळ दुखण्यामुळे नव्हे. गुडघ्यात सूज असेपर्यंत तेथून निघणारे संदेश त्या स्नायूला पुरता आवळूच देत नाहीत. "पाय माझं ऐकतच नाही," असे इंदूरला रामबागेतल्या घरी आई म्हणायची, ते म्हणूनच. तेव्हा फिजिओथेरपिस्टने तिला प्रत्येक व्यायाम आधी मनात करायला शिकवला.

पाठीवर निजून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि डोळे मिटावेत. मांडी आवळली जात आहे, वाटी वर सरकत आहे, गुडघा खाली दबत आहे, हे स्वतःच्या पायात जाणवेल असे मनात आणावे. दुरून स्वतःकडे पाहिल्यासारखे चित्र नको, आणि घाईही नको, कारण मनातल्या हालचालीला खऱ्या हालचालीइतकाच वेळ लागला पाहिजे. असे 5 वेळा झाले की मांडीवर तळहात ठेवून ती खरोखर आवळावी, 5 आकडे मोजेपर्यंत धरावी आणि सोडावी. आकडे मोठ्याने मोजावेत, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. पहिले काही दिवस आईच्या तळहाताखाली नुसती थरथर यायची. मला तीही मोलाची वाटे.

टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवतानाही हाच क्रम ठेवावा. एरवी गुडघ्याखाली उशी ठेवून पडू नये. बरे वाटते खरे, पण गुडघा पूर्ण सरळ होत नाही. पोटरी अचानक दुखू वा सुजू लागली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. धाप लागली वा छातीत दुखले, तर तडक रुग्णालय गाठावे.

आमच्या जुन्या घराचा जिना अरुंद असल्याने आई तो खुर्चीत बसून मनातच कितीदा तरी चढली-उतरली: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा, हात कठड्यावर. त्यानंतरच फिजिओथेरपिस्टच्या आधाराने खरी पायरी आली.

वॉकर सुटल्यावर, डॉक्टरांची परवानगी असेल तर, सपाट जमिनीवर कोणाला तरी सोबत घेऊन चालता चालता पावकी-निमकीचे (पाव आणि अर्ध्याचे) पाढे म्हणावेत, कारण पुढे इंदूरच्या राजवाडा चौकासारख्या गर्दीत बोलत, वाहने चुकवत चालायचे असते. पाऊल अडखळू लागले, तर पाढा तिथेच सोडावा आणि उभे राहून आधार घ्यावा.