क्षयाच्या पेशंटचा शिधा: पिशवीत काय भरायचं, घरी कशी पोचवायची

सोलापूरच्या पूर्व भागात माझं किराणा दुकान आहे आणि गल्लीतल्या गणपती मंडळाचा मी खजिनदार. वर्गणी उरली की दरवर्षी कोणीतरी आरोग्य शिबिराची टूम काढतं. मांडव, फ्लेक्स, फुकट बीपी, चहा-बिस्किटं, संपलं. तेवढ्याच पैशात क्षयाच्या पेशंटचं एक घर सहा महिने नीट जेवतं. ते कसं करायचं, ते सांगतो.

नोंदणी सोपी आहे. सप्टेंबर २०२२पासून केंद्र सरकारची ‘निक्षय मित्र’ योजना आहे, क्षयाच्या पेशंटला शिधा पुरवायला तिच्यात नाव घालायचं. माणूस, मंडळ, बचत गट, कारखाना, कोणीही नाव घालू शकतं. योजनेचं पोर्टल जमलं नाही तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात क्षयरोगाचं काम कोण बघतं ते विचारा. पेशंट आपण शोधायचा नाही. मदत घ्यायला ज्यांनी संमती दिली त्यांच्यातूनच तो मिळतो. ‘आमच्याच गल्लीतला द्या’ असा हट्ट नको. घरात लग्नाची मुलगी असली की आई स्वतःचा खोकलासुद्धा लपवते, तिला ओळखीची माणसं दारात कशाला हवीत?

आता पिशवी. सरकारी यादी मोठ्या माणसाला महिन्याला ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल आणि एक किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे सांगते. जमेल तिथे ३० अंडी. माझं दुकानदाराचं मत वेगळं पडतं. रेशनकार्ड चालू असेल तर माणशी ५ किलो धान्य फुकट येतंच, त्यामुळे धान्यात थोडी ज्वारी पुरे. पैसा डाळीत आणि शेंगदाण्यात घाला. दूध पावडर पाहुण्यांच्या चहात जाते. शेंगदाण्याची चटणी होते, कूट भाजीत पडतो, पोटात जातो. डाळ कट्ट्यातली सुटी घ्या, पाकिटाचे पैसे वाचतात. अंडी एकदम देऊ नका. त्यांच्या घराजवळच्या दुकानात मंडळाचं खातं उघडा, आठवड्याला सात-आठ नेऊ देत. खात नसतील तर तेवढ्याची डाळ वाढवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिधा घरभराचा हवा. एकट्या पेशंटपुरता दिला तर बाई तो आधी पोरांच्या ताटात वाढणार, हे धरूनच चाला. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी मोठा अभ्यास केला, २०२३मध्ये तो छापून आला. सगळ्या पेशंटना महिन्याला १० किलो शिधा होता, पण निम्म्या भागात घरच्या प्रत्येकालाही ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणून मंडळात कोणी म्हणालं, ‘पाच पेशंट घेऊ, आकडा चांगला दिसतो’, तर ऐकू नका. हिशेब करा, जेवढी घरं पूर्ण निभतील तेवढीच घ्या.

दर महिन्याला वजन बघा. घरी काटा नसतो, आशाताईंकडे मिळेल किंवा मंडळाचा एक घेऊन ठेवा. त्याच अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. ४० किलोच्या बाईला ते दोन किलो होतात. काटा हलत नसेल तर केंद्रात सांगा, साखर तपासायची राहिलेली असू शकते.

साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. दोन महिन्यांत ताप-खोकला थांबतो आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. म्हणून पिशवी तिसऱ्या महिन्यापासून मुळीच चुकवू नका. ‘गोळ्या घेतल्या तरच पिशवी’ असली फौजदारी मात्र करू नका, ते आपलं काम नव्हे. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरायचं कारण नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवा. आमच्याकडे विडी वळणाऱ्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे सोबत तेलुगू येणारी बाई असावी.

पिशवी साधी, मंडळाचं नाव नसलेली. दुकानातून सामान जातं तशीच ती घरात जाऊ दे. फोटो नाही, सत्कार नाही. गणपतीत हिशेबाच्या फलकावर ‘शिधा, इतके रुपये’ एवढंच लिहा. कोणाला, हे खजिनदारापलीकडे जाऊ देऊ नका. उभं राहून बोलायचं तर दारात, मोकळ्या हवेत.

सरकारचे पोषणाचे पैसे वेगळे. नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये या हिशेबाने खात्यात येतात, पूर्वी ५०० होते. बँकेत अडले असतील तर कागद घेऊन सोबत जा, शिध्याइतकीच ती मदत आहे.

पेशंट मध्येच गावी गेला तर निक्षय आयडी, म्हणजे त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, तोच राहतो, औषधं तिकडच्या केंद्रात मिळतात. जायच्या आधी केंद्रात कळवायला लावा आणि त्या महिन्याची डाळ, शेंगदाणे सोबत बांधून द्या.