घरातलं खातेवाटप: म्हातारे वडील, नोकरी आणि मोठी मुलं सांभाळताना

घरात ऐंशी पार केलेलं माणूस आहे, नवरा-बायको दोघंही नोकरी करतात आणि मुलं मोठी झालीत पण अजून पुरती मार्गी लागलेली नाहीत, अशा घरांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे अण्णा, म्हणजे माझे वडील, ८३ वर्षांचे. बायको शिकवते, मी हिशेबाच्या कामात. मुलगी नोकरीमुळे दुसऱ्या शहरात, मुलगा घरी, शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला. अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं आणि सगळ्यांचं वेळापत्रक नव्याने लावावं लागलं.

वाटणी करायच्या आधी त्या माणसाला काय काय जमतं ते लिहून काढा. त्यासाठी वैद्यकात जुन्या याद्या आहेत. १९६३ची कॅट्झ यांची यादी सहा गोष्टी विचारते: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाऊन येणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणं. १९६९मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी बाहेरच्या व्यवहाराची यादी केली. तिच्यात फोन, खरेदी, पैसे, औषधं, प्रवास असं येतं. प्रत्येकापुढे ‘स्वतः’, ‘मदतीने’ किंवा ‘जमत नाही’ लिहा, आणि हे त्यांच्याशेजारी बसून करा, पाठीमागे नको. ज्याच्यापुढे ‘स्वतः’ आहे त्याला हात लावायचा नाही. सकाळच्या घाईत अण्णांच्या शर्टाची बटणं आपणच लावून टाकावीशी वाटतात. पण वापर थांबला की म्हातारपणी ताकद झपाट्याने जाते आणि परत मिळवायला फार कष्ट पडतात. त्यांना दहा मिनिटं आधी उठवा, बटणं त्यांनाच लावू द्या.

मग खाती वाटा. खाती म्हणतोय, कामं नव्हे. ‘अण्णांना गोळी दे’ हे काम झालं. ते सांगणारा माणूस दिवसभर गोळ्या डोक्यात घेऊन फिरतो, आणि थकवा तिथेच साठतो. ‘औषधं’ हे खातं ज्याच्याकडे आहे त्याने साठा बघायचा, संपायच्या आत मागवायचं, कुठली गोळी कशासाठी हे माहीत ठेवायचं, डॉक्टरांची वेळही त्यानेच घ्यायची. आमच्याकडे हे खातं मुलीकडे आहे. लांब राहणाऱ्या मुलांना फोनवरून करता येण्यासारखी पुष्कळ कामं असतात. ती दुय्यम मानू नका. मोठ्या मुलाला ‘जरा मदत करत जा’ म्हटलं की काहीच होत नाही. ‘हे तुझं’ म्हणा, आणि मग त्यात बोट घालू नका. तो आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करेल. करू द्या.

औषधांच्या खात्यावर जरा थांबतो, कारण गडबडी इथेच जास्त होतात. एकच यादी करा: नाव, ताकद, वेळ, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी सुरू केलं. डोळ्यांचे थेंब आणि दुकानातून आपणहून आणलेल्या गोळ्याही त्यात लिहा. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत भ्रम होतो, लघवी अडते. प्रत्येक डॉक्टरांपुढे ही यादी ठेवून विचारा, ‘यातलं काही कमी करता येईल का?’ आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना दाब उतरून चक्कर येऊ शकते. आधी पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसवा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत अचानक बोलणं भरकटलं, रात्र-दिवस कळेनासं झालं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही. संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवी गोळी, काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

घरातले बदल चटकन होतात. रात्रीचा दिवा, पायात येणारी पायपुसणी उचलणं, बाथरूममध्ये धरायला दांडा. वॉकरची मूठ, हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येतं तिथे हवी.

नोकरीचं म्हणाल तर वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर सगळ्यांचे अडचणीचे आठवडे मांडा. माझे महिनाअखेरचे, बायकोचे परीक्षांचे, मुलाचे सबमिशनचे. साहेबांकडे ‘घरी प्रॉब्लेम आहे’ म्हणून जाऊ नका. ‘दर पंधरवड्याला एक सकाळ हवी, ते तास संध्याकाळी भरून देतो’ असं नेमकं मागा, आणि संकट यायच्या आधी मागा. सगळी रजा हॉस्पिटलच्या दिवसांत संपवू नका. तिथे नर्स असतात. आपली खरी गरज पेशंट घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात लागते. डिस्चार्जआधी उठवायचं कसं, जखम बघायची कशी, रात्री फोन कोणाला करायचा हे विचारून घ्या, आणि उठवणं नर्ससमोर एकदा स्वतः करून दाखवा.

रात्रीचं खातं सगळ्यात जड. रात्री जो उठतो त्याच्याकडे सकाळचं काही ठेवू नका. सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजायला झारिट यांची १९८०मध्ये आलेली प्रश्नावली आहे. तिच्या रूढ रूपात २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आम्ही दोघांनी वेगवेगळी भरली. बायकोचा आकडा माझ्यापेक्षा बराच वर निघाला, म्हणून रात्री माझ्याकडे आल्या आणि महिनाअखेरीला मुलाकडे. आपापसात वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

अण्णांच्या सह्या, बँकेचे अधिकार, पुढे कुठपर्यंत उपचार हवेत, हे त्यांचं डोकं शाबूत असताना त्यांनाच विचारा. कागद वकिलाकडून करून घ्या. संकोच वाटतो खरा, पण आमच्या अण्णांची उत्तरं तयार होती. कोणी विचारत नव्हतं इतकंच.

मुलांचं पुढचं आयुष्य या वाटणीत अडकवू नका. मुलाला बाहेर नोकरी लागली तर त्याने थांबायचं नाही, फक्त जाण्याआधी आपलं खातं एका पानावर लिहून दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. आमच्या मुलाने व्यायामाचं खातं लिहिताना कुठल्या व्यायामाला अण्णा टाळाटाळ करतात आणि तेव्हा कुठला विषय काढायचा, हेही लिहिलंय.

महिन्यातून एकदा अर्धा तास सगळे बसा, मुलगी फोनवर. अध्यक्ष अण्णाच असू द्या. आमच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत सगळ्या बिलांचं खातं स्वतःकडे मागून घेतलं, आणि आता कोणी बिलाची आठवण केलेली त्यांना खपत नाही.