राब न भाजता भाताची रोपं: होळीपासून मृगापर्यंतची कामं

होळी झाली की पालघर, ठाणे, रायगडच्या डोंगरपट्ट्यात राबाची, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जागा पालापाचोळा जाळून भाजण्याची, तयारी सुरू होते. ऐन-किंजळाच्या छाटलेल्या फांद्यांचा टहाळ, त्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि मग भाजणी. यात अडाणीपणा नाही. राबाने तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतो आणि माती भुसभुशीत होऊन आवण (भाताची रोपं) मुळासकट सहज निघतं. त्यामुळे नुसतं 'राब बंद करा' म्हणून कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. ही तिन्ही कामं दुसऱ्या मार्गाने होत असतील तरच राब सोडावा. ती होतात.

राबाची किंमत मात्र मोठी आहे. दरवर्षी छाटलेलं झाड वाढत नाही, शेणातलं नत्र धुरात जातं आणि एक ठिणगी उडाली तर शेजारची काजूची कलमं जातात. टहाळाचे भारे डोक्यावरून आणतात त्या बहुतेक घरी बायकाच. टहाळाचा हा प्रश्न जुना आहे. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) भागातल्या तक्रारींमुळे १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला होता.

आधी तणाचं बघू. रोपवाटिकेची जागा एप्रिलमध्येच नांगरून, ढेकळं फोडून सपाट करा. एकदा भरपूर पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा आणि कडा मातीने दाबून टाका. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हात बहुतेक तणाचं बी मरतं. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पाण्याची सोय नसेल तर पहिल्या पावसाने उगवलेलं तण हलकी कुळवणी करून मारा आणि मगच पेरा.

राखेसाठी झाड तोडायची गरज नाही. भातगिरणीतून तूस (भाताचं टरफल) आणा. मोकळ्या जागी छोटा जाळ करून त्यावर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा पालथा घाला आणि भोवती तुसाचा ढीग रचा. तूस ज्वाळेने पेटू न देता आतून बाहेर काळं होत जायला हवं. वरचा थर काळा पडू लागला की ढीग फावड्याने पसरून लगेच पाणी मारा. उशीर झाला तर राख पांढरी होते आणि तिच्यातली सिलिका रोपाला नीट मिळत नाही. ही काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो घेऊन वाफ्याच्या वरच्या मातीत मिसळा. रोपं ताठ होतात आणि उपटताना मुळं तुटत नाहीत. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं हे पहिलंच सूत्र. माझ्या मते राबाला याहून जवळचा पर्याय नाही.

दहा गुंठे लावणीसाठी एक गुंठा रोपवाटिका पुरते. गादीवाफे करा, कारण सपाट वाफ्यात पाणी साचून रोपं पिवळी पडतात. गुंठ्याला २५० किलो कुजलेलं शेणखत, एक किलो युरिया आणि तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्या. राबात जळणारं शेण आणि पाला आतापासून खड्ड्यात कुजवला तर हे खत घरचंच होईल. बियाणं तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ, बुडवून तरंगलेलं पोचट बी काढून टाका आणि उरलेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा.

बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हवंच. पहिल्या पावसात अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या रोवा. एकदा झाडं वाढली की चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो कोवळा पाला शेतात घालता येतो.

उतारावरच्या वरकस (हलक्या, नाचणी-वरीच्या) आणि दळीच्या (जंगल भाजून केलेल्या फिरत्या शेतीच्या) जमिनीला हे उत्तर पुरत नाही. तिथे भाजणी थांबवून वर्षावर्षाने जागा बदलायची गरज संपवणारं पीक लागतं. 'बाएफ' या ग्रामविकास संस्थेने १९८०च्या दशकात दक्षिण गुजरातच्या वांसद्यात एक एकराची 'वाडी' सुरू केली: मध्ये आंबा-काजू, कडेला वनझाडं आणि मोकळ्या पट्ट्यात आंतरपीक. पुढे २००३-०४ पासून नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने आदिवासी विकास निधीतून त्याला पैसा दिला आणि जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर अशा वाड्या उभ्या राहिल्या. संस्थेने कलमं व प्रशिक्षण, बँकेने निधी, कुटुंबाने जमीन व श्रम, अशी ही भागीदारी. ती टिकली तर जमते. काजूला पीक यायला तीन-चार वर्षं लागतात, तोवर नाचणी-वरीवर घर चालवावं लागतं. साथ पहिल्याच वर्षी सुटली तर उतार पुन्हा पेटतो. म्हणून गावात गट करताना पुढच्या तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) कोण काढणार, हे आधी ठरवून कागदावर लिहा.

वनहक्काचा दावा मंजूर झाला असेल तर पट्ट्याची (हक्कपत्राची) प्रत घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा आणि फळबाग योजनांत त्यावर काय मिळेल ते विचारा. आंब्याचे खड्डे मीटरभर लांब-रुंद-खोल आणि दहा मीटर अंतरावर, काजूचे ६० सेंटिमीटरचे आणि सात मीटरवर, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. भाताच्या सुधारित वाणाच्या बियाण्यासाठी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एप्रिलमध्येच चौकशी करा. जूनमध्ये हवा तो वाण मिळेलच असं नाही.