इटालियन मार्बलआधी भिंतींची चौकशी
ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट असेल आणि आतून नवं काम करून घ्यायचं असेल, तर आर्किटेक्टशी पहिली बोलणी इटालियन मार्बलची नको, भिंतींची करा. मायवान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही बहुधा आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या), भार पेलणाऱ्या असतात. त्या पाडता येत नाहीत, वायरिंगसाठी खाचा मारणंही जोखमीचं. मग हौसेचं ओपन किचन कागदावरच राहतं! सोसायटीकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळवा, डिझाइन त्यानंतर. अंदाजपत्रकात आर्किटेक्टची फी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, सोसायटीचं डिपॉझिट आणि डेब्रिज उचलण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. वर १०-१५ टक्के राखीव. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ४८ तास ठेवा, मगच टाइल्स. नाहीतर गळती खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून कळते.